दप्तर कोणाच्या ताब्यात?



केंद्र सरकारच्या पेन्शन विभागाने ३ मार्च २०२३ रोजी एक आदेश काढला. १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेले, परंतु ज्या जागेची जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वी निघाली होती अशा जागेवर लागलेले जे कर्मचारी आहेत, त्यांना जुन्या पेन्शनमध्ये जाण्याची एक संधी या आदेशाने दिली. पर्याय भरून देण्याची शेवटची तारीख होती ३१ ऑगस्ट २०२३. रेल्वे कामगारांनाही हा आदेश लागू झाला. नव्या पेन्शन योजनेविरुद्ध वर्षानुवर्षे मोर्चे काढले, काळ्या फिती लावल्या, धरणी धरली, त्यानंतर मिळालेले हे एक लहानसे पण खरे यश होते.

हा पर्याय मागायचा तर एकच गोष्ट ठाऊक असायला हवी होती. आपल्या भरतीची जाहिरात कोणत्या तारखेची?

आमच्या शाखेत २००४ आणि २००५ साली लागलेले बरेच साथी आहेत. भरतीच्या नोटिशीचा कागद वीस वर्षे कोण जपून ठेवतो? एका तुकडीची नोटीस आमच्या एका निवृत्त सचिवांच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मिळाली. त्या तुकडीतील सर्वांचे अर्ज वेळेत गेले. दुसऱ्या तुकडीत सात जण होते. त्यांची जाहिरात २००४ मधली असे कोणीतरी सांगितले, आम्हीही तेच खरे धरून चाललो, आणि त्या सात जणांनी अर्जच केले नाहीत. पुढे ऑक्टोबरमध्ये एका जुन्या पी.एन.एम.च्या फाइलमध्ये, दुसऱ्याच विषयाच्या कागदांना टाचलेली ती नोटीस हाती आली. तारीख होती नोव्हेंबर २००३ ची. मुदत संपून गेली होती. त्या सात जणांची निवेदने आजही वरच्या कार्यालयात पडून आहेत.

यात प्रशासनाला चार शब्द सुनावणे सोपे आहे. परंतु तो कागद आमच्याच कपाटात होता. चूक आमची होती, आणि ती कबूल केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

नवा शब्द, जुनी वस्तू

या प्रकरणानंतर आमच्या वर्किंग कमिटीत ठराव झाला की युनियनचे सगळे दप्तर संगणकावर घ्यावे. बातमी पसरायला वेळ लागत नाही. एका कंपनीचा प्रतिनिधी आला, भिंतीवर चित्रे दाखवली आणि म्हणाला, तुम्हाला 'नॉलेज मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म' हवा आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आम्ही त्याला सरळ विचारले, म्हणजे नेमके काय? तासभर ऐकल्यावर ध्यानात आले की शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. संघटनेला जे जे माहीत आहे ते एका जागी ठेवणे, हव्या त्या माणसाला हवे तेव्हा ते सापडणे, आणि जाणता माणूस निवृत्त झाला तरी त्याचे जाणतेपण संघटनेत उरणे. आपल्या जुन्या नेत्यांनी हे काम आवक-जावक रजिस्टर, बॉक्स फाइल आणि स्वतःची स्मरणशक्ती यांवर चालवले.

असे प्रतिनिधी आता अनेक युनियनच्या कार्यालयांत जात आहेत. आमच्याकडे इतर शाखांतूनही विचारणा होते की कोणती प्रणाली घ्यावी. म्हणून या विषयावर आम्हाला जे दिसले ते येथे मांडत आहोत. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. प्रणाली काय काय करते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की उद्या ती सोडायची वेळ आली तर आपले सगळे कागद घेऊन आपण बाहेर पडू शकतो काय? जिथून बाहेर पडता येत नाही तिथे आत जाऊ नये.

आधी बस्ते बांधा

प्रणाली निवडण्यापूर्वी एक काम करावे लागते, आणि ते कोणतीही कंपनी आपल्यासाठी करून देणार नाही. आपल्याजवळ काय आहे ते पाहावे लागते.

आम्ही कपाटे उघडली तेव्हा तीन प्रकारचा ऐवज दिसला. पहिला, कागद. रेल्वे बोर्डाची परिपत्रके, पी.एन.एम.ची इतिवृत्ते, कॅटचे आणि न्यायालयांचे निकाल, सिनियॉरिटी याद्या, आपली निवेदने आणि त्यांना आलेली उत्तरे.

दुसरा प्रकार म्हणजे कागदांचे एकमेकांशी असलेले नाते. रेल्वेतील प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे की परिपत्रक हाती असून भागत नाही, ते आज जिवंत आहे की नाही हे कळावे लागते. १९९९ मध्ये ए.सी.पी. योजना आली, १२ आणि २४ वर्षांवर लाभ होता. तिच्या जागी १ सप्टेंबर २००८ पासून एम.ए.सी.पी. आली आणि १०, २०, ३० वर्षांचा हिशेब सुरू झाला. त्यावर नंतर खुलाशांमागून खुलासे निघाले. जुना कागद दाखवून नवीन हक्क मागायला गेलो तर पर्सोनेल ब्रँचचा हेड क्लार्कही हसतो. कोणत्या आदेशाने कोणता आदेश बदलला, हे ज्याला ठाऊक असते तोच टेबलावर वरचढ ठरतो.

तिसरा प्रकार कागदावर नाहीच. एस.एफ.-५ चे आरोपपत्र आले तर उत्तर देण्यापूर्वी कोणते दस्तऐवज मागायचे, साक्षीदाराची उलटतपासणी कोठून सुरू करायची, कोणत्या मुद्द्यावर आजवर अपील टिकले आणि कोणत्या मुद्द्यावर पडले, हे आमच्या जुन्या डिफेन्स हेल्परांच्या डोक्यात असते. ते निवृत्त होऊन गावी गेले की तिशीतला कार्यकर्ता पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

कंपनीचा प्रतिनिधी पहिल्या प्रकाराविषयीच बोलत होता. किती कागद मावतील, किती वेगाने दिसतील. आमची सात जणांची चूक मात्र दुसऱ्या प्रकारातली होती. कागद होता, तो कोणत्या तुकडीचा आणि कशाशी संबंधित हे कोठे नोंदलेले नव्हते. तेव्हा प्रत्येक कागदावर किमान पाच नोंदी हव्यात असे आम्ही ठरवले. क्रमांक, तारीख, विषय, त्याने कोणता आदेश बदलला किंवा कोणत्या आदेशाने तो बदलला गेला, आणि आपण तो कोणत्या प्रकरणात वापरला. ही यादी साध्या वहीतसुद्धा करता येते. ज्या शाखेला वहीत ती करता येत नाही तिला लाखाची प्रणाली घेऊनही करता येणार नाही.

व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे दप्तर नव्हे

आज विचारले तर बहुतेक शाखा सांगतील, आमचे सगळे व्हॉट्सॲपवर आहे. निरोप पोचवायला ते साधन उत्तम आहे, यात वाद नाही. पनवेलच्या गेटमनला आणि वाडीच्या पॉइंट्समनला एकाच मिनिटात परिपत्रक मिळते.

पण सहा महिन्यांनी तेच परिपत्रक शोधायला बसा. दोनशे शुभप्रभात, पन्नास वाढदिवस आणि तीन भांडणे ओलांडून जावे लागते. सापडले तर फाइल उघडत नाही, कारण फोनमधील जागा भरली म्हणून मुलाने ती पुसून टाकलेली असते. नव्याने आलेल्या सभासदाला मागचे सर्व मिळत नाही. ॲडमिन निवृत्त झाला किंवा दुसऱ्या युनियनमध्ये गेला तर ग्रुप त्याच्याबरोबर जातो. आणि ज्या कंपनीचे ते आहे ती २०१४ पासून फेसबुकच्या मालकीची आहे, तिच्याशी आपला कसलाही करार नाही. निरोप तिथे द्यावा, कागद मात्र अन्यत्र ठेवावा, एवढाच याचा अर्थ.

परक्याच्या घरातले कपाट

पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात, फुकट मिळते ते घ्या. तेही आम्ही तपासले. गूगलच्या खात्यात १५ जी.बी. जागा फुकट मिळते आणि त्यात ई-मेल, ड्राइव्हवरील कागद व फोटो हे सर्व धरलेले असते. लहान शाखेला ती काही वर्षे पुरेल. परंतु खाते असते एका व्यक्तीच्या नावाने. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती त्यांतील सर्व मजकुरासह पुसून टाकता येतील असे त्या कंपनीने मे २०२३ मध्ये जाहीर केले. आपला एखादा सचिव वारला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, आणि पुढच्या कमिटीला दोन वर्षे आठवण झाली नाही, तर शाखेचा इतिहास संपला. ट्रंक निदान माळ्यावर राहते.

फुकटच्या सेवांचे पुढे काय होते याचे मोठे उदाहरण 'याहू ग्रुप्स'चे आहे. जगभरच्या हजारो संघटना, मंडळे आणि संघ यांनी तेथे वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार व कागद साठवले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केले की साठवलेला सर्व मजकूर काढून टाकण्यात येईल. ज्यांनी धावपळ केली त्यांचे काही वाचले. डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली.

पैसे मोजले म्हणजे सुरक्षित झालो, असेही नाही. फेसबुकच्या मालक कंपनीने मोठमोठ्या संस्थांसाठी 'वर्कप्लेस' नावाची सेवा पैसे घेऊन चालवली आणि मे २०२४ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर केले. ३१ ऑगस्ट २०२५ नंतर तेथे नेहमीचे काम करता येईनासे झाले. 'कॉन्फ्लुअन्स' नावाची प्रणाली अनेक संस्था स्वतःच्या संगणकावर बसवून वापरत असत. तिच्या कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की या प्रकारच्या विक्रीचे दिवस संपले, आणि १५ फेब्रुवारी २०२४ नंतर तिची देखभाल थांबवली. संस्थांना एकतर कंपनीच्या संगणकावर जावे लागले, नाहीतर महागडा प्रकार घ्यावा लागला, नाहीतर घर बदलावे लागले. 'लोटस नोट्स' ही १९८९ सालची या क्षेत्रातील जुनी प्रणाली. १९९५ मध्ये ती आय.बी.एम.कडे गेली, २०१९ मध्ये आपल्याकडील एच.सी.एल.ने ती विकत घेतली. प्रणाली टिकली, पण मालक बदलताना वापरणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

या कंपन्यांना आम्ही लबाड म्हणत नाही. त्यांचा धंदा त्यांनी त्यांच्या नफ्यातोट्याप्रमाणे चालवला. युनियनचे दप्तर मात्र दुसऱ्याच्या नफ्यातोट्यावर अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही. १९७४ च्या संपातील बडतर्फीच्या काही प्रकरणांचे कागद आमच्याकडे आजही लागतात. पन्नास वर्षे टिकेल असे दप्तर हवे, आणि या बाजारात एखादी वस्तू दहा वर्षे टिकली तरी पुष्कळ झाले.

बाहेर पडण्याची वाट

म्हणून आम्ही कंपनीच्या प्रतिनिधीला चार प्रश्न विचारले. प्रत्येक शाखेने ते विचारावेत.

पहिला: करार संपला तर आमचे सर्व कागद, त्यांच्या नोंदींसह, आम्हाला कशा स्वरूपात मिळतील? नुसते कागद परत मिळून उपयोग नाही. पाच नोंदी गेल्या तर पुन्हा तोच ढिगारा हाती येतो.

दुसरा: ते कागद तुमच्या प्रणालीशिवाय, साध्या संगणकावर उघडतील काय?

तिसरा: हे आज, आत्ता, आमच्यासमोर करून दाखवाल काय? दहा कागद भरा आणि दहाच्या दहा बाहेर काढून दाखवा.

चौथा: दर वाढवायचा झाला तर किती दिवस आधी कळवाल आणि कशाच्या आधारे वाढवाल?

प्रतिनिधी पहिल्या प्रश्नाला हो म्हणाला, दुसऱ्याला बहुतेक म्हणाला, तिसऱ्याला साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. चौथ्याचे उत्तर अजून यायचे आहे.

दराचा हिशेबही करून पाहावा. अशा प्रणालींचे भाडे बहुधा दरडोई दरमहा असते. समजा, माणशी २०० रुपये पडले. साठ शाखा आणि प्रत्येक शाखेचे तीन पदाधिकारी धरले तर १८० माणसे झाली. महिन्याला ३६,००० रुपये, वर्षाला ४ लाख ३२ हजार. हा पैसा सभासदाच्या वर्गणीतून येतो. आणि साध्या सभासदाला काही पाहायचे असेल तर त्याचे भाडे निराळे, म्हणजे ज्ञान पदाधिकाऱ्यांच्याच हाती राहणार. युनियनला हे परवडत नाही, पैशानेही नाही आणि तत्त्वानेही नाही.

आम्ही काय निवडले

दुसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा आहे. मुक्त याचा अर्थ नुसते फुकट असा नाही. ते वापरण्याची, आतून पाहण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक परवान्यानेच दिलेली असते. बनवणारा उद्या थांबला तरी आपल्याकडे असलेली प्रत चालू राहते आणि दुसरा कोणीही जाणकार ती दुरुस्त करू शकतो. भारत सरकारने २०१५ साली सरकारी कामासाठी अशी सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. कामगारांच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण केरळचे आहे. तेथील राज्य वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या बिलांची प्रणाली बाहेरच्या कंपनीवर न सोपवता स्वतः मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली. तिचे नाव 'ओरुमा'. मल्याळममध्ये या शब्दाचा अर्थ एकजूट असा होतो.

विकिपीडिया ज्या प्रकारच्या प्रणालीवर चालतो तिला विकी म्हणतात. एक पान, त्याला जोडलेली दुसरी पाने, कोणी काय बदलले त्याची तारीखवार नोंद, आणि चूक झाली तर मागचे पान परत आणण्याची सोय. एका परिपत्रकाच्या पानावरून ते बदलणाऱ्या परिपत्रकाच्या पानावर एका बोटाने जाता येते. आमची जी दुसऱ्या प्रकारची अडचण होती तिला हेच औषध होते. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच पद्धतीवर चालू आहे, तेव्हा मराठी चालेल काय ही शंकाही उरत नाही. या कुळातील 'डोकूविकी' नावाची लहान प्रणाली २००४ पासून आहे. ती आपली सर्व पाने साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवते. उद्या प्रणालीच नाहीशी झाली तरी त्या फाइली कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येतात. बाहेर पडण्याची वाट आधीपासून उघडी आहे. आम्ही हीच घेतली.

या मार्गाची खोटही सांगितली पाहिजे. कंपनीला पैसे दिले की बिघाड झाल्यावर फोन करता येतो. येथे फोन उचलणारा आपल्यातलाच असतो. भाड्याच्या सर्व्हरवर जागा घ्यावी लागते, वेळोवेळी सुधारित आवृत्ती बसवावी लागते, आणि आठवड्याला एक प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवावी लागते. हे एका हुशार पोराच्या जिवावर चालवले तर त्याची बदली झाली त्या दिवशी आपण पुन्हा ट्रंकेपाशी येतो. म्हणून आम्ही सिग्नल विभागातील एक, लॉबीतील एक आणि लेखा विभागातील एक भगिनी अशी तिघांची दप्तर समिती नेमली. पासवर्ड तिघांकडे, शिवाय बंद पाकिटात अध्यक्षांकडे. ज्या शाखेकडे असे तिघे नाहीत तिने एकटीने या फंदात पडू नये. डिव्हिजन पातळीवर एकत्र यावे.

आपली लिपी

मराठी विभागाच्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही आपण पत्रके टाइप केली ती निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये. तो फाँट आज संगणकात नसेल तर पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा चिखल दिसतो. पंधरा वर्षांची आमची मराठी पत्रके अशी सी.डी.वर आहेत आणि ती शोधता येत नाहीत. मालकाच्या लिपीत लिहिल्याचा हा परिणाम. यापुढे प्रत्येक अक्षर युनिकोडमध्ये असावे, कारण ते प्रमाण कोणा एका कंपनीच्या फाँटपुरते नाही. जुने छापील कागद स्कॅन करून त्यांतील मजकूर वाचून घेणारे 'टेसरॅक्ट' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर मराठीही वाचते. छपाई स्वच्छ असेल तर बरेच जमते, सायक्लोस्टाइल पत्रकांना मात्र माणूसच बसवावा लागतो.

बोर्डाची परिपत्रके इंग्रजीत आणि हिंदीत येतात. खंडव्याच्या किंवा वाडीच्या मराठी ट्रॅकमनला त्यातील मतलब चार ओळींत मराठीतून मिळाला पाहिजे. आम्ही प्रत्येक पानाच्या वर तसा सारांश लिहितो आणि खाली मूळ आदेश ठेवतो. हे काम निवृत्त साथी आनंदाने करतात. तिसऱ्या प्रकारचे ज्ञान, म्हणजे डोक्यातले, असेच बाहेर येते. आमच्या एका सत्तरी ओलांडलेल्या डिफेन्स हेल्परांना आम्ही म्हणालो, काका, पुस्तक लिहू नका, फक्त एका प्रकरणात काय केले ते सांगा. त्यांनी एका दुपारी चार प्रकरणे सांगितली. एका तरुण साथीने ती उतरवून घेतली, माणसांची नावे काढून टाकली, आणि आज ती पाने इतर सगळ्यांपेक्षा जास्त वाचली जातात.

कुलूप कोणाच्या हाती

काही कागद सर्वांसाठी आहेत, काही नाहीत. परिपत्रके, निकाल, सारांश सर्वांना खुले असावेत. सभासद यादी, एखाद्या भगिनीची छळाची तक्रार, आजारपणाचे कागद, वाटाघाटीपूर्वीची आपली टिपणे यांना निराळे कुलूप हवे. एखाद्याचे प्रकरण शिकवण्यासाठी वापरायचे तर त्याची परवानगी घ्यावी. विश्वासाने दिलेला कागद बाहेर गेला तर पुढच्या वेळी कोणी कागद देणार नाही.

आणि युनियनचे दप्तर रेल्वेच्या संगणकावर, रेल्वेच्या ई-मेलवर किंवा कार्यालयीन नेटवर्कवर ठेवू नये. डिसेंबर २०२४ मध्ये मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. युनियनला मिळणाऱ्या सोयीसवलती मान्यतेबरोबर येतात, त्या जाऊही शकतात. दप्तर त्यांच्याबरोबर जाता कामा नये.

ही कसोटी आम्ही प्रशासनालाही लावतो. आपली सर्व्हिस शीट आता एच.आर.एम.एस.मध्ये आहे. 'क्रिस'ने तयार केलेली ही प्रणाली २०२० मध्ये सुरू झाली. प्रत्येक कामगाराने तेथे आपली नोंद उघडून पाहावी, जन्मतारीख, रुजू तारीख आणि बढत्या ताडून घ्याव्यात, आणि एक प्रत छापून घरी ठेवावी.

हे युनियनचे काम आहे काय?

आमच्याच एका सभेत एक ज्येष्ठ साथी म्हणाले की युनियनचे काम लढण्याचे, हा कारकुनी उद्योग कशाला? त्यांच्या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचारी संगणक येऊ नये म्हणून पहारा देत उभे राहिले. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणावर करार केला. आमच्या स्थानकांवर आरक्षणाची यंत्रे आली तेव्हा आम्हालाही धास्ती वाटली होती. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. पण त्या सगळ्या लढ्यांतला प्रश्न एकच होता. यंत्र कोणाच्या हुकमाने चालणार? आज तोच प्रश्न आपल्या स्वतःच्या दप्तराबाबत आला आहे आणि या वेळी निर्णय आपल्या हाती आहे.

पी.एन.एम.च्या टेबलावर समोरचा अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतो. त्याच्यामागे फाइल सांभाळणारे अख्खे कार्यालय असते. आपल्यामागे काय असते? सचिवाची स्मरणशक्ती आणि एक फुगलेली बॅग. एवढ्यावर आपण आजवर लढलो हे कौतुकाचे आहे, पण त्याची किंमत कधीकधी सात कुटुंबांना मोजावी लागते.

सर्व शाखांना आमची विनंती आहे. येत्या वर्किंग कमिटीत हा विषय अजेंड्यावर घ्यावा. प्रणाली कोणती हे ठरवण्यापूर्वी कपाटे उघडून यादी करावी. वर सांगितलेले चार प्रश्न लेखी विचारावेत आणि लेखी उत्तरे घ्यावीत. निर्णय एकट्या सचिवाने किंवा एखाद्या संगणकप्रेमी साथीने घेऊ नये, कमिटीने ठराव करून घ्यावा. आणि या महिन्यातच, संगणकाची वाट न पाहता, आपल्या एका निवृत्त साथीच्या घरी जाऊन त्याची ट्रंक उघडावी.

आमच्या त्या सात साथींची नोटीस आता विकीवर आहे. तिच्या पानावर तारीख, तुकडी आणि निवेदनाचा क्रमांक नोंदलेला आहे. तिच्या आधारे लढा चालू आहे आणि निकाल लागेपर्यंत तो चालूच राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!